मतला : दोन ओळींत घातलेली अट

जिसे इश्क का तीर कारी लगे
उसे जिंदगी क्यूं न भारी लगे

हा शेर वलीचा. वली औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, १७व्या आणि १८व्या शतकाच्या सांध्यावरचा शायर. त्याची दखनी बोली मराठी कानाला फार परकी वाटत नाही. ‘कारी’ म्हणजे खोलवर, जिव्हारी. ज्याला प्रेमाचा बाण जिव्हारी लागला त्याला जगणं जड का नाही वाटणार, एवढंच तो म्हणतोय. अर्थ साधा आहे. गंमत बांधणीत आहे.

हा शेर आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं धरू. पहिली ओळ संपते तेव्हा आपल्याला काय कळलेलं असतं? लय साधारण लागली, विषय समजला, बस. या ओळीतला कोणता तुकडा पुढे परत येणार याचा पत्ता नाही. नुसता ‘लगे’ येईल की अख्खं ‘तीर कारी लगे’ येईल? मग दुसरी ओळ येते आणि उलगडा होतो. ‘लगे’ जसाच्या तसा राहिला, म्हणजे तो रदीफ. त्याच्या आधी ‘कारी’च्या जागी ‘भारी’ आला, म्हणजे हे काफिये. बदललं फक्त सुरुवातीचं व्यंजन, ‘आरी’ हा नाद कायम राहिला. दुसरी ओळ संपेपर्यंत अख्ख्या गझलेचा नियम श्रोत्याला कळलेला असतो, आणि तो कोणी समजावून सांगितलेला नसतो.

तिसऱ्या ओळीला यमकाची सक्ती नाही, तिथे आपण निवांत ऐकतो. चौथी सुरू झाली की मात्र कान टवकारतात, कारण शेवटी ‘आरी लगे’ येणार हे ठाऊक आहे आणि शायर तिथवर कसा पोचतो तेवढंच बघायचं आहे. वली पुढे ‘यारी लगे’वर येतो, ‘बेकरारी लगे’वर येतो. ख्याल ऐकताना समेची वाट बघतो ना आपण, गवई कुठे कुठे भटकून बरोबर समेवर येतो आणि माना डोलतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे सम कुठे आहे हे पहिल्या दोन ओळींनीच शिकवलेलं असतं.

ज्याच्या दोन्ही ओळी काफिया आणि रदीफ पाळतात, अशा या पहिल्या शेराला मतला म्हणतात. शब्द अरबी आहे. ज्या धातूपासून सूर्य ‘तुलू’ होणं, म्हणजे उगवणं, हा शब्द येतो त्याच धातूतला. मतला म्हणजे उगवण्याची जागा. शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात, त्याचा अर्थ कापण्याची जागा. त्यात शायर बहुधा आपलं टोपणनाव, तखल्लुस, गुंफतो.

दोन्ही ओळींना यमक देऊन सुरुवात करायची ही रीत गझलेपेक्षा जुनी आहे. इस्लामपूर्व अरब कवी कसिदे, म्हणजे लांबलचक कविता, म्हणत. शेवटपर्यंत एकच यमक, आणि ते प्रत्येक बैताच्या, म्हणजे दोन अर्ध्यांच्या ओळीच्या, दुसऱ्या अर्ध्याला. फक्त पहिल्या बैतात दोन्ही अर्धे यमकात बांधायचे. इमरुल कैसच्या प्रसिद्ध कसिद्यात कवी दोघा सोबत्यांना थांबवतो: थांबा, प्रियेच्या आणि तिच्या मुक्कामाच्या आठवणीने आपण रडू या. पहिला अर्धा ‘मंझिली’वर संपतो, दुसरा ‘हौमली’वर. हौमल हे वाळवंटातल्या एका जागेचं नाव. मैफल तोंडी होती, कागद समोर नव्हता. यमक कोणतं ते ऐकणाऱ्याला लगेच कळायला हवं, ते असं कळे.

फारसी कवींनी कसिदा घेतला, त्यातला प्रेमाचा भाग वेगळा होऊन गझल उभी राहिली आणि १२व्या शतकात गझनीच्या सनाईपासून तिचं रूप स्थिरावत गेलं. पण रदीफ ही खास फारसीची देणगी. अरबीत यमक होतं, यमकामागे अख्खा शब्द पुन्हा पुन्हा आणायची अशी चाल नव्हती. मला याचं एक कारण व्याकरणात दिसतं. अरबी वाक्यात क्रियापद बहुधा आधी येतं. फारसीत ते शेवटी येतं, तुर्कीत शेवटी, उर्दूत शेवटी आणि आपल्या मराठीतही शेवटीच. ओळीच्या टोकाला ‘लगे’, ‘आती’, ‘होते’ आपोआपच येऊन बसतं, ते तिथे कायमचं ठेवून द्यायचं एवढंच बाकी राहतं. या चारही भाषांत गझल घरच्यासारखी रुळली ती काही उगाच नव्हे.

आता मतला नक्की काय काय ठरवून टाकतो ते जवळून बघू. उदाहरण घरचंच घेतो, सुरेश भटांचं:

इतकेच मला जाताना सरणावर कळले होते
मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते

वृत्त ठरलं. उर्दूवाले त्याला बहर म्हणतात. या लांबीच्या, या चालीच्या ओळी आता शेवटपर्यंत, एक मात्रा कमी नाही की जास्त नाही. रदीफ ठरला, ‘होते’. आणि काफिया? ‘कळले’ आणि ‘छळले’. दोन्हीत ‘ळले’ तसंच आहे आणि त्याच्या आधीचा स्वर ‘अ’ आहे. मराठी गझलकार या स्वराला अलामत म्हणतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक शेरात ‘अ’ या स्वरावर ‘ळले’ हवं. भट पुढे ‘उधळले’, ‘वगळले’, ‘निखळले’, ‘उजळले’ आणतात, एकही घसरत नाही. समजा मतल्यात ‘कळले’च्या जोडीला ‘छळले’ऐवजी ‘रडले’ आलं असतं, तर समान भाग फक्त ‘ले’ उरला असता. मग ‘हसले’, ‘बसले’, ‘जमले’ सगळं चाललं असतं, मोकळं रान मिळालं असतं. भटांनी मतल्यातच स्वतःला ‘ळ’चं बंधन घालून घेतलं आणि गझलभर तो नाद घुमत ठेवला.

बहर, काफिया आणि रदीफ मिळून जे तयार होतं त्याला जमीन म्हणतात. शब्द फार नेमका आहे. एकाच जमिनीत दहा शायर पेरू शकतात. तरही मुशायऱ्यात तेच होतं. आधीच एक ओळ जाहीर करतात, ज्याने त्याने त्या जमिनीत आपली गझल लिहून आणायची, आणि त्या ओळीला स्वतःची ओळ जोडून शेर पुरा केला की त्याला गिरह लावणं म्हणतात.

मतल्याची अट मला समजली ती स्वतः अडकल्यावर. कॉलेजात असताना एक गझल लिहायला घेतली होती. बाहेर पावसाळा, वय वीस, विषय कोणता असणार?

दारावरती उभा पाऊस
एवढ्यात तू नको जाऊस

मतला झाला म्हणून मी खूश. रदीफ नाही, हरकत नाही, बिनरदीफ गझल असते. मग दुसरा शेर सुचेना. ‘पाऊस’ला काफिया काय? ‘नको गाऊस’. मग ‘नको खाऊस’. मग ‘नको धावूस’. तीन शेर झाले आणि तिन्हींत मी कोणाला तरी काहीतरी करायला मनाई करत होतो. शेवटी ‘माऊस’ सुचला, संगणकाचा, तेव्हा वही मिटली आणि गल्लीतल्या एका जुन्या गझलवेड्या काकांकडे गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे, मतल्यातच दार लावून घेतलंस आणि आता आतून ओरडतोयस.”

मतला सुचला की तो सुंदर आहे का हे सगळेच बघतात. काकांनी आधी बोटांवर काफिये मोजले. निदान सात-आठ, तेही वेगवेगळ्या जातीचे, कुठे नाम, कुठे क्रियापद, कुठे विशेषण. ‘पाऊस’च्या वाट्याला मराठीत जवळजवळ सगळी नकारार्थी क्रियापदंच येतात हे मला चौथ्या शेराला कळलं, त्यांना पहिल्या ओळीला.

मतल्यातल्या चुकीचा आणखी एक प्रकार आहे, उर्दूतले कडक उस्ताद तो लगेच पकडतात. ‘मनात’ आणि ‘घरात’ असे काफिये घेतले. कानाला बरे वाटतात. पण दोन्हीकडचा ‘आत’ हा प्रत्यय आहे. तो काढला की ‘मन’ आणि ‘घर’ उरतात आणि त्यांचं यमक जुळत नाही. म्हणजे यमक शब्दांनी दिलंच नाही, प्रत्ययाने दिलं. हा दोष म्हणजे ईता. ‘घरात’च्या जोडीला ‘रात’ असती तर चाललं असतं, कारण ‘रात’मधला ‘आत’ तिचा स्वतःचा आहे. आणि ही झडती मतल्यातच घेतात, कारण कायदा तिथे होतो. मराठीत इतकं सोवळं सहसा कोणी पाळत नाही, आणि खरं सांगायचं तर पाळायला गेलो तर अर्धी मराठी गझल बाद होईल.

आता इराणातल्या शिराजला जाऊ. १४व्या शतकातल्या हाफिजच्या दीवानातली, म्हणजे गझलसंग्रहातली, पहिली गझल अशी सुरू होते:

अला या अय्युहस्साकी अदिर कासन व नाविलहा
के इश्क आसान नमूद अव्वल वली उफ्ताद मुश्किलहा

पहिली ओळ चक्क अरबीत, दुसरी फारसीत. साकी, प्याला फिरव आणि इकडे दे. प्रेम आधी सोपं दिसलं, मग अडचणी येऊन पडल्या. आता टोकाचा ‘हा’ बघा. पहिल्या ओळीत ‘नाविल’ म्हणजे ‘दे’ आणि अरबी ‘हा’ म्हणजे ‘तो’, अर्थात प्याला. दुसऱ्या ओळीत ‘मुश्किल’ म्हणजे अडचण आणि फारसी ‘हा’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. दिसायला एकच, पण एक अरबी सर्वनाम, दुसरा फारसी प्रत्यय. दोन भाषा एका यमकात अशा शिवल्या आहेत की टाका दिसत नाही. पुढचे काफिये तर आपल्यालाही ओळखीचे: दिल, महमिल, मंजिल, साहिल, महफिल. आणि मक्त्यात, अगदी शेवटच्या ओळीत, हाफिज पुन्हा अरबीत शिरतो आणि ‘अहमिलहा’वर थांबतो, म्हणजे ‘तिला सोडून दे’. तिला म्हणजे दुनियेला. ‘हा’ परत सर्वनाम झाला. सुरुवातीला प्याला हातात मागितला होता, शेवटी दुनिया हातातून सोडली, दोन्हीकडे तोच ‘हा’. माझं मत विचाराल तर मतला आणि मक्ता एकमेकांना कसे बोलतात हे शिकायला एवढी एक गझल पुरे आहे.

या अरबी ओळीवरून वादही झाला. १६व्या शतकातला उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, टीकाकार सूदी म्हणाला की ती यझीद खलिफाची आहे. करबलात इमाम हुसेन ज्याच्या फौजेकडून मारले गेले त्या यझीदची ओळ हाफिजने उचलली या कल्पनेनेच कित्येकांचं पित्त खवळलं. पुढच्या अनेक अभ्यासकांनी सूदीचं म्हणणं मानलेलं नाही.

जुन्या दीवानांत गझलेला शीर्षक नसतं. गझला ओळीच्या शेवटच्या अक्षरानुसार लावतात, आणि गझलेची ओळख म्हणजे तिच्या मतल्याची पहिली ओळ. ही गझल ‘आ’वर संपते म्हणून अलिफच्या, म्हणजे पहिल्या अक्षराच्या, विभागात येते. त्या विभागात इतरही आहेत, पण संपादकांनी मान हिला दिला.

हेरातच्या अलीशेर नवाईने (१४४१-१५०१) चगताई तुर्कीत, म्हणजे मध्य आशियातल्या जुन्या तुर्कीत, लिहिलं. तोवर ‘कविता करायची तर फारसीत’ असं मानलं जात असताना त्याने आपल्या मातृभाषेत मोठमोठे दीवान रचले. त्याच्या एका दीवानाची पहिली गझलही अरबी ओळीने उघडते आणि दुसरी ओळ तुर्कीत येते, आणि विषय पुन्हा प्यालाच: प्याल्याच्या सूर्यातून प्रकाश पडला आणि प्याल्यातून आवाज आला की मद्यात प्रियाचं प्रतिबिंब बघ. हाफिजला केलेला हा मुजरा आहे, आणि ‘माझ्या भाषेतही हे होतं’ असं सांगणंही आहे.

पण नवाईचा मला सगळ्यात आवडणारा मतला अगदी साधा आहे. उच्चार मराठी कानाला जमतील तसे देतो:

केचा केलगुमदुर देबोन उल सर्वी गुलरू केलमदी
कोझ्लारिमगा केचा तोंग ओतगुंचा उयकू केलमदी

‘केलमदी’ म्हणजे आला नाही, आली नाही, आलं नाही. तुर्कीत व्याकरणाचं लिंगच नसल्याने तिन्ही एकच. ‘रात्री येते’ म्हणून सांगणारी ती सुरूच्या झाडासारख्या बांध्याची, फुलाच्या चेहऱ्याची, आली नाही. आणि माझ्या डोळ्यांत रात्रभर, पहाट फुटेपर्यंत, झोप आली नाही. ‘गुलरू’ आणि ‘उयकू’ हे काफिये, म्हणजे फुलाच्या चेहऱ्याची आणि झोप. मतल्याने दोघींना एका खुंटीला बांधलं: ती आली नाही आणि झोप आली नाही, रदीफ तोच, कर्ता बदलला. मराठीत झोपही ‘ती’ आणि प्रियाही ‘ती’, त्यामुळे भाषांतरात आपल्याला अनायासे फायदा होतो.

आता दिल्लीचा गालिब (१७९७-१८६९) ऐका:

कोई उम्मीद बर नहीं आती
कोई सूरत नजर नहीं आती

क्रियापद तेच, नकार तोच. ‘बर आना’ म्हणजे फळाला येणं, ‘नजर आना’ म्हणजे दिसणं. मतल्यातच ‘आती’चे दोन अर्थ होऊन गेले. आणि पुढच्या शेरात तो विचारतो की मरणाचा एक दिवस ठरलेला आहे, तर ‘नींद क्यूं रात भर नहीं आती’. नवाईची झोप मतल्यातच उडाली, गालिबची दुसऱ्या शेरात. गालिबने नवाई वाचून हे लिहिलं असं मी म्हणत नाही. येणं आणि न येणं हे क्रियापद रदीफात बसवलं की झोप कधी ना कधी दाराशी येऊन थांबतेच, एवढंच.

उस्मानी तुर्कांकडे मतल्याला वेगळंच स्थान मिळालं. तिथल्या दीवानांत शेवटी सुट्या मतल्यांचा विभाग असतो. पुढे गझल नाही, नुसता मतला, दोन ओळींचा स्वयंपूर्ण. दुसऱ्या शेरालाही तिथे नाव आहे, हुस्न-ए-मतला, आणि तो मतल्याच्या तोडीचा सुंदर असावा अशी अपेक्षा असते. उर्दूत मात्र हुस्न-ए-मतला म्हणतात तो मतल्यामागून आलेल्या दुसऱ्या मतल्याला, ज्याच्या दोन्ही ओळी पुन्हा यमकात असतात. शब्द एक, प्रांत बदलला की अर्थ बदलला. मतल्याची एखादी ओळ मक्त्यात जशीच्या तशी परत आणायची, अशीही एक उस्मानी खुबी होती.

तुर्कस्तानात जो मतला आजही म्हणीसारखा तोंडी आहे तो एका सुलतानाचा. सुलेमान, राज्यकाळ १५२० ते १५६६, टोपणनाव मुहिब्बी:

हल्क इचिंदे मुतेबेर बिर नेस्ने योक देव्लेत गिबी
ओल्माया देव्लेत जिहान्दा बिर नेफेस सिह्हात गिबी

‘गिबी’ म्हणजे सारखं, तो रदीफ. ‘देव्लेत’ आपली ‘दौलत’च. बखरींत ‘शिंद्यांची दौलत’ म्हणतात तेव्हा तिचा अर्थ राज्य असतो, आणि ‘धनदौलत’ म्हणतो तेव्हा संपत्ती, भाग्य. तुर्कीतही तीच जोडी आहे, त्यामुळे हा मतला मराठीत न सांडता उतरतो: लोकांच्या लेखी दौलतीसारखी मोलाची चीज नाही, पण जगात निरोगी एका श्वासासारखी दौलत नाही. पहिली दौलत सिंहासनाची, दुसरी नशिबाची. बोलायला सुलतान उभा आहे म्हणून ती आणखी टोचते. काफिये देव्लेत आणि सिह्हात. आजच्या तुर्की उच्चारात एक ‘एत’ आणि एक ‘आत’ ऐकू येतो, जुन्या लिपीत मात्र दोन्ही शब्द त्याच ‘त’वर संपतात.

आणि परत आपल्या बाजूला. वलीच्याही आधी गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा (१५६५-१६१२) दखनीत लिहून गेला: ‘पिया बाज प्याला पिया जाए ना, पिया बाज यक तिल जिया जाए ना’. ‘बाज’ म्हणजे वाचून, शिवाय. पहिल्या ओळीतला पहिला ‘पिया’ प्रियकर आणि दुसरा ‘पिया’ पिण्याचा. मग औरंगाबादचाच सिराज (१७१५-१७६३):

खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन, न जुनूं रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बेखबरी रही

‘परी’ आणि ‘बेखबरी’ हे काफिये, ‘रही’ हा रदीफ. कोण कोण राहिलं नाही याची यादी दोन्ही ओळी देतात, आणि राहण्याचं क्रियापद मात्र हटत नाही. मराठवाड्याच्या मातीत हे लिहिलं गेलं, याची आठवण आपण फार कमी वेळा काढतो.

दिल्लीत मीर (१७२३-१८१०) रदीफ आणि काफिया यांना एकमेकांवर कसा उलटवतो बघा. ‘उलटी हो गईं सब तदबीरें, कुछ न दवा ने काम किया, देखा इस बीमारी-ए-दिल ने आखिर काम तमाम किया’. पहिल्या ओळीत औषधाने ‘काम’ केलं नाही. दुसऱ्या ओळीत दुखण्याने ‘काम तमाम’ केलं. ‘काम’ हाच काफिया, आणि दुसऱ्या ओळीत तोच ‘तमाम’च्या आधी येऊन उभा राहतो. पहिली ओळ ऐकताना हा डाव कळूच शकत नाही.

गालिबच्या दीवानाचा पहिला मतला अवघड म्हणून गाजला. ‘नक्श फरियादी है किसकी शोखी-ए-तहरीर का, कागजी है पैरहन हर पैकर-ए-तस्वीर का’. दीवानाची सुरुवात ईश्वराच्या स्तुतीने करायची रीत होती, हा तक्रारीने सुरू करतो. चित्रातली प्रत्येक आकृती कागदाचे कपडे घालून उभी आहे, ही कोणाच्या लेखणीच्या खोडीविरुद्ध फिर्याद? लोकांना कळेना. तेव्हा त्यानेच एका पत्रात समजावलं की इराणात फिर्यादी कागदी वस्त्रं घालून दरबारात जात. चित्र कागदावर असतं, म्हणजे ते जन्मतःच फिर्यादी.

मुशायऱ्यात शायर ‘मतला अर्ज है’ म्हणतो तेव्हा सभा सावरून बसते. तो पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलून परत म्हणतात, तो पुन्हा म्हणतो. ही नुसती दाद नसते. वृत्त सगळ्यांच्या अंगात उतरवायचं काम चाललेलं असतं. आणि मतला सगळ्यात अवघड का, तेही इथे दिसतं. इतर शेरांत पहिली ओळ मोकळी असते, तिथे विचार मांडायचा आणि दुसरीत तडाखा द्यायचा. मतल्यात दोन्ही ओळींच्या पायात बेडी. म्हणून कित्येक चांगल्या गझलांचे मतले फिके असतात आणि खरा शेर तिसरा-चौथा निघतो. मतला नसलेल्या गझलाही आहेत. उलट, जो मतला नाही अशा एखाद्या शेराची पहिली ओळ चुकून रदीफच्या नादावर संपली आणि मतल्याचा भास झाला, तर तोही दोष धरतात, तकाबुल-ए-रदीफ. श्रोत्याला फसवायचं नाही.

गायकीत मतल्याची पहिली ओळ मुखडा होते, बाकीचे शेर अंतऱ्यांसारखे येतात आणि प्रत्येकानंतर गाणं मतल्याकडे परततं. गाताना शेर गाळतात, मतला सहसा गाळत नाहीत.

मराठीत हे आणलं फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी. त्यांची ‘गज्जलांजलि’ १९३३ची. पण त्यांच्या गज्जलांत बहुधा एकच भाव सलग चालतो. प्रत्येक शेर स्वतंत्र आणि मतल्याची अट कडक, हे मराठीच्या अंगवळणी पाडलं सुरेश भटांनी. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी नव्या लिहिणाऱ्यांना काफिया, रदीफ, अलामत शिकवले. आमचे काका त्याच बाराखडीवर वाढलेले.

त्या दिवशी त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलने एकच फेरफार केला. ‘दारावरती उभा पाऊस’ खोडून वर लिहिलं: ‘पाऊस उभा आहे दारी’. शब्द जवळपास तेच, मात्रा सोळाच. पण पाऊस टोकावरून सुरुवातीला गेला आणि टोकाला ‘दारी’ आली. ‘वारी’, ‘सारी’, ‘उधारी’, ‘शेजारी’, काफियांची रांग लागली. “आता दुसरी ओळ तू शोध,” ते म्हणाले. मी लगेच ‘भारी’ म्हणालो. ते हसले. “ते सोड. ते वलीने तीनशे वर्षांपूर्वी घेऊन ठेवलंय.”